बंद यंत्रांतील जागी वीज

पेन्शनींत निघालेल्या माणसानें वेळ कसा घालवावा, हा प्रश्न आपल्या घरांतून वारंवार निघतो. कोणी सकाळ-संध्याकाळ फिरावयास जातात, कोणी बाग करतात, कोणी नातवंडांकडून स्तोत्रें पाठ करून घेतात. मी मॅट्रिक झाल्यावर पाठशाळेंत संस्कृत शिकलों व पुढें चौतीस वर्षें तेंच शिकवीत आलों. पदार्थविज्ञानाशीं माझा संबंध शाळेंतील क्रमिक पुस्तकापुरताच. असें असतां निवृत्तीनंतर मला जुने दूरदर्शन-संच दुरुस्त करण्याचा नाद लागला, हें ऐकून माझे जुने विद्यार्थी हंसतात. त्यांनीं खुशाल हंसावें. हा छंद थोड्या खर्चाचा, बुद्धीला चालना देणारा आणि घरांतील लहानथोरांस एका ठिकाणीं आणणारा आहे, असें मी पांच वर्षांच्या अनुभवानें म्हणूं शकतों. मात्र त्याला एक अट आहे. ती मला मोठी किंमत देऊन कळली. वाचकांस ती फुकट कळावी, एवढ्याचकरितां हा लेख लिहीत आहें.

आपल्या देशांत दूरदर्शनचा आरंभ दिल्ली येथें १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि रंगीत चित्रें १९८२ सालीं आलीं. त्या काळीं घेतलेले फुगीर कांचेचे संच अद्यापि पुष्कळ घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. ते आतां गच्चीवरील अँटेनावर चालावयाचे नाहींत. कारण जुन्या पद्धतीचीं तीं प्रक्षेपणें मोजकीं ठिकाणें वगळून २०२२ पर्यंत बंद झालीं. तथापि उपग्रहावरून कार्यक्रम घेणारा सेट-टॉप बॉक्स आणि या जुन्या संचाची अँटेनाची जागा यांच्यामध्यें मॉड्युलेटर नांवाची एक लहान डबी बसविली, म्हणजे जुन्या पडद्यावर आजचें चित्र दिसूं शकतें. तेव्हां ही दुरुस्ती अगदींच निरर्थक नव्हे.

आमचा संच वडिलांनीं १९७८ सालीं घेतला. वीस इंची, कृष्णधवल, पुढें सरकतीं लांकडी दारें. पुण्यांतील आमच्या वाड्यांत तो पहिलाच. अँटेनाचें तोंड सिंहगडाकडे करण्याकरितां थोरले बंधू कौलांवर चढत आणि मी खालून "आलें, आलें, गेलें!" असें ओरडत असें. 'आमची माती, आमची माणसं', 'गजरा', 'छायागीत' यांच्या वेळीं वाड्यांतील वीस-पंचवीस मंडळी आमच्या सतरंजीवर असत, आणि कार्यक्रम संपल्यावर वडील स्वतःच्या हातानें तीं दारें सरकवीत. वडील गेले, रंगीत संच आला, व ती पेटी माळ्यावर गेली. पांच वर्षांपूर्वीं आई सहज म्हणाली, "ह्यांची पेटी एकदां लागलेली बघावीशी वाटते." त्या वेळीं आईला पंचाऐशीवें वर्ष चालू होतें. मीं मनांत घेतलें कीं, ही पेटी आपणच चालू करावयाची.

दोन पुस्तकें आणलीं, मल्टिमीटर घेतला, एका बंद रेडिओवर डाख लावण्याचा सराव केला, आणि दोन महिन्यांत मला पारंगत झाल्यासारखें वाटूं लागलें. एका रविवारीं पेटी खालीं उतरविली, धूळ झाडली आणि एकदम विजेला जोडली. पडद्याच्या मधोमध एक लखलखीत आडवी रेघ उमटली, आणि भोंग्यांतून खरखर ऐकूं आली. आई टाळ्या वाजवूं लागली. मीं बटण बंद केलें, प्लग काढला, मागचें झांकण उघडलें. थोरल्या बंधूंचा बारा वर्षांचा नातू जवळ उभा होता. त्यानें विचारलें, "धाकटे आजोबा, आंत वीज नाहीं ना?"

"प्लग माझ्या हातांत आहे. वीज येणार कोठून?" मी मास्तरी आवाजांत म्हणालों, आणि कांचेच्या नळीवर एक रबराची वाटी होती, तिच्याखालीं बोट घातलें.

पुढें काय झालें तें कळलें नाहीं. हात आपोआप झटक्यानें मागें आला, कोपर नळीच्या निमुळत्या मानेवर आदळलें, आणि सापानें फुत्कार टाकावा तसा आवाज झाला. मान तडकली होती. तिच्या आंत चांदीसारखा चकाकणारा एक थर होता. तो आमच्या डोळ्यांदेखत दुधासारखा पांढरा झाला. निर्वात नळींत हवा शिरल्याची ती खूण असते, हें मला मागाहून कळलें. घरगुती संचांच्या तसल्या नळ्या आतां कोणी तयार करीत नाहीं. माझ्या हातास कांहीं झालें नाहीं; वडिलांची पेटी मात्र कायमची गेली. आई एवढेंच म्हणाली, "हात शाबूत आहे ना? मग राहूं दे."

नातवानें संध्याकाळीं विचारलें, "प्लग काढला होता, तर धक्का कसा बसला?" मला उत्तर देतां आलें नाहीं. आमच्या पेठेंत एक वयोवृद्ध दुरुस्तीवाले आहेत; त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशीं गेलों. ते म्हणाले, "मास्तर, प्लग काढला म्हणून वीज घराबाहेर जात नाहीं, ती आंत मुक्कामाला राहते." मग मला हंसूं आलें व लाजही वाटली. पाणिनीच्या व्याकरणांत लोप म्हणजे नाश नव्हे, केवळ दिसेनासें होणें. आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याच्यामुळें व्हावयाचें कार्य होतेंच, हें मीं तरुणपणीं घोकलें होतें. तें विजेलाही लागू आहे, एवढें मात्र माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

आंत काय असतें?

चित्र दाखविणारी जी कांचेची नळी, तिला आपण पिक्चर ट्यूब म्हणतों. तिचें मूळ रूप जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनीं १८९७ सालीं सिद्ध केलें. नळीच्या मानेंतून विद्युत्कणांचा झोत निघतो व पडद्याच्या आंतल्या लेपावर आदळून तेथें ठिपका उजळतो. मानेभोंवतीं तारेचीं वेटोळीं असतात. त्यांच्या चुंबकशक्तीनें तो ठिपका आडवा व उभा फिरविला जातो. आपल्या पद्धतींत एका चित्रास ६२५ ओळी, आणि सेकंदास २५ चित्रें. म्हणजे दर सेकंदास १५,६२५ ओळी. आमच्या पडद्यावर एकच आडवी रेघ दिसली, याचा अर्थ ठिपका आडवा धांवत होता, पण त्यास वर-खालीं नेणारा भाग बंद पडला होता.

या झोतास पडद्याकडे ओढण्याकरितां फार मोठा विद्युद्दाब लागतो. कृष्णधवल संचांत तो दहा हजारांपासून अठरा हजार व्होल्टपर्यंत व रंगीत संचांत वीस हजारांच्या वर असतो. तो निर्माण करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरास आपल्याकडील कारागीर 'ई. एच. टी.' म्हणतात, आणि त्याची जाड तार त्या रबरी वाटीखालीं नळीस जोडलेली असते. नळीच्या कांचेस आंतून एक व बाहेरून एक असा वीजवाहक लेप असतो, मध्यें कांच. शाळेंत लेडनची बरणी पाहिलेली असेल, तर हें लगेच उमगेल. वीज सांठवून ठेवण्याकरितां बनविलेल्या त्या बरणीची आणि या नळीची रचना एकच. प्लग काढल्यावरही बराच काळ, कधीं कधीं दिवसेंदिवस, ती भरलेली राहूं शकते.

दुसरा सांठा वीजपुरवठ्याच्या भागांतील मोठ्या कंडेन्सरांत असतो. घरांतील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज एकदिश केली असतां तिचा दाब सुमारें ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. येथें व्होल्ट कमी, परंतु धक्का अधिक घातक. शिवाय पुष्कळ जुन्या संचांत आंतील धातूचा सांगाडाच घरच्या विजेशीं थेट जोडलेला असतो. असा संच चालू असतां सांगाड्यास हात लावणें म्हणजे विजेच्या तारेस हात लावणें होय.

तिसरें भय विजेचें नसून हवेचें आहे. नळी निर्वात असल्यामुळें बाहेरची हवा तिला प्रत्येक चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलो इतक्या भारानें दाबीत असते. वीस इंची पडदा सुमारें ४० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच. म्हणजे केवळ पुढच्या बाजूवर बारा क्विंटलांचा भार. अशी नळी फुटली तर कांचा गोळीसारख्या उडतात. आमच्या नळीची केवळ मान तडकून हवा हळूहळू आंत गेली, हें नशीब.

नवशिक्यासाठीं नियम

त्या वृद्ध कारागिरापाशीं मीं पुढें वर्षभर आठवड्यांतून दोन दिवस बसलों. त्यांनीं घालून दिलेले नियम मी येथें देतों.

पहिलें वर्ष बंद संचावरच काम करावें. झांकण उघडें आणि वीज चालू, अशी स्थिति नवशिक्याच्या टेबलावर कधींच येऊं नये. चालू संचांत मापें घेण्यास १:१ प्रमाणाचा विलगकारी ट्रान्सफॉर्मर लागतो व अनुभव लागतो. गळती ओळखणारा घरचा ब्रेकर उपयुक्त खरा, परंतु दोन हातांनीं दोन तारा धरल्या तर तोही वांचवीत नाहीं, आणि विलगकारी ट्रान्सफॉर्मराच्या पलीकडे त्याची राखण पोंचत नाहीं.

एकट्यानें बसूं नये. दुसरें माणूस मुख्य बटणापाशीं असावें, आणि अपघात झाल्यास प्रथम वीज तोडावयाची, धक्का बसलेल्या माणसास वीज तोडण्यापूर्वीं शिवावयाचें नाहीं, मग १०८ वर दूरध्वनि करावयाचा, हें त्यास पाठ असावें. अंगठी, घड्याळ, गळ्यांतील साखळी काढून ठेवावी. भगिनींनीं बांगड्या व मंगळसूत्र काढावें. जानव्याला किल्ली बांधण्याची आपल्यांतील पुष्कळांस संवय असते. वांकून काम करतांना ती लोंबकळून नेमकी नको तेथें टेकते. ती प्रथम सोडावी.

नळीची वीज उतरविण्याची रीत अशी. प्लग काढून बाजूस, डोळ्यांसमोर ठेवावा. नळीच्या काळ्या लेपावर एक उघडी, विणलेली तार ताणलेली असते. लांब व मजबूत रोधक मुठीचा चपटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन, त्याच्या धातूच्या दांडीस चिमट्यांची तार लावावी व तिचें दुसरें टोंक त्या उघड्या तारेस जोडावें. हें आधीं. डावा हात पाठीमागें धरून मग स्क्रू ड्रायव्हरचें टोंक रबरी वाटीखालीं आंतील धातूस लागेपर्यंत सरकवावें. बारीक 'चट्' असा आवाज होईल, किंवा होणारही नाहीं. कांहीं सेकंद तसेंच धरावें. दहा मिनिटांनीं हेंच पुन्हां करावें. कारण कांचेंत मुरलेली वीज मागाहून वर येते. साधा मल्टिमीटर या जागीं कधींही लावूं नये. त्याची धाव बहुधा हजार व्होल्टांपर्यंतच असते. आणि ही कृति लेख वाचून प्रथमच एकट्यानें करूं नये. जाणत्याच्या हाताखालीं दोन-चार वेळां पाहावी, मग करावी.

मोठ्या कंडेन्सरावरील दाब मल्टिमीटरनें मोजावा. वीज शिल्लक असल्यास एक-दोन हजार ओहमांचा, दहा वॅटचा रोधक वीजरोधक मुठींच्या टोंकांनीं त्याच्या दोन पायांवर धरावा व पुन्हां मोजावें. स्क्रू ड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडणारे असतात. त्यानें कंडेन्सर बिघडतो आणि डोळेही जाऊं शकतात.

नळी मानेस धरून कधीं उचलूं नये. तिच्याजवळ काम करतांना चष्मा असला तरी वरून संरक्षक चष्मा घालावा. फ्यूज जळल्यास त्याच मापाचा बसवावा. तार गुंडाळून काम भागवूं नये. आणि उच्च दाब वाढविण्याचा पेंच असल्यास तो फिरवूं नये. दाब मर्यादेबाहेर गेला तर नळींतून क्ष-किरण निघूं शकतात.

मग करावयाचें तरी काय?

एवढें ऐकून वाचक म्हणतील, कीं हा छंद आहे कीं व्रत? पण खरें सांगावयाचें तर नवशिक्याच्या आवांक्यांतील बहुतेक बिघाड बंद संचांतच सांपडतात. आरंभ चौदा इंची, बॅटरीवरही चालणाऱ्या लहान कृष्णधवल संचानें करावा. त्यांतील पुष्कळांत वीजपुरवठ्यास ट्रान्सफॉर्मर असल्यामुळें सांगाडा घरच्या विजेपासून अलग असतो. नळींत मात्र दहा-बारा हजार व्होल्ट असतातच, हें विसरूं नये.

माळ्यावरून काढलेला संच माझ्यासारखा लगेच विजेला जोडूं नये. प्रथम उंदरांनीं तारा कुरतडल्या आहेत काय, कांहीं जळल्याची खूण आहे काय, कंडेन्सर फुगले आहेत काय, हें पाहावें. मऊ कुंचल्यानें धूळ काढावी. मग भिंगाखालीं छापील पट्टीची मागची बाजू तपासावी. जेथें जड व तापणारे भाग असतात, तेथें वर्षानुवर्षें तापून-निवून डाखाभोंवतीं बारीक गोल चीर पडते. असा सांधा नव्या डाखानें पुन्हां जोडणें, हें या विद्येतलें पहिलें व सर्वांत फलदायी काम. पंचवीस वॅटचें सोल्डरिंग आयर्न त्यास पुरतें. जुन्या डाखांत शिसें असतें, म्हणून हें काम स्वयंपाकघरांत करूं नये, खिडकी उघडी ठेवावी व हात साबणानें धुतल्याशिवाय कांहीं खाऊं नये.

लक्षणांवरून रोग ओळखणें वैद्याप्रमाणें येथेंही लागतें. एकच आडवी रेघ म्हणजे उभ्या गतीचा भाग बंद. अशा वेळीं प्रकाश लगेच कमी करावा, नाहीं तर पडद्यावर डाग जळतो. आवाज आहे पण पडदा काळा, तर उच्च दाबाच्या भागाकडे पाहावें. तें काम जाणत्यास द्यावें. चित्र आकुंचित व त्यांत हलणारा काळसर पट्टा, तर वीजपुरवठ्यांतील कंडेन्सर वाळला असावा. नवा बसवितांना व्होल्ट जुन्याहून कमी नसावेत आणि धन-ऋण पाय उलटे होऊं नयेत.

दुरुस्तीनंतर झांकण लावून मगच वीज द्यावी, आणि तीही साठ किंवा शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा मालिकेंत जोडून. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच लखलखत राहिला तर आंत वीज आडमार्गानें जात आहे असें समजून बंद करावें. नवशिक्यास एवढी एक युक्ति पुष्कळ फ्यूज वांचवून देते.

वर्ष संपत आलें तेव्हां कारागिरांनीं आमच्या पेटींतील पट्टी मागवून घेतली, भिंगाखालीं धरली व मला बोलाविलें. एका जाड पायाभोंवतीं केंसाएवढी चीर होती. "मास्तर, एवढेंच होतें," ते म्हणाले. तीन मिनिटांचें काम. तें करावयास मी थांबलों असतों, दहा मिनिटें आणि आणखी दहा मिनिटें, तर वडिलांची पेटी आज चालू असती.

तडकलेली नळी मीं भंगारवाल्यास दिली नाहीं. नळीच्या कांचेंत शिसें असतें. ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रांत पोंचविली. वाचकांनींही तसेंच करावें. पुढें एक चौदा इंची संच मिळाला. त्याचे दोन कंडेन्सर मीं बदलले, सहा सांधे जोडले, झांकण लावलें, दिवा मालिकेंत घातला आणि नातवास मुख्य बटणापाशीं उभें केलें. पडदा अजून काळाच होता. मी निराश होऊन बंद करणार, तोंच तो ओरडला, "धाकटे आजोबा, शीळ ऐकूं येते!" दर सेकंदास १५,६२५ वेळां धांवणाऱ्या ओळींचा तो बारीक सूर. माझ्या वयाच्या कानांना तो ऐकूं येत नाहीं, मुलांना येतो. याचा अर्थ आंतलें यंत्र जिवंत होतें. अर्ध्या मिनिटानें नळी तापली आणि चित्र आलें. आई पुढें सरकून बसली. "लहान आहे," म्हणाली, "पण दिसतंय." आणि रात्रीं जेवणाची वेळ होईपर्यंत उठली नाहीं.

वडिलांची लांकडी पेटी मीं टाकली नाहीं. नळी काढल्यावर ती रिकामी झाली; आतां तींत माझीं हत्यारें असतात. दारें सरकविलीं कीं पहिल्या खिळ्यावर चिमट्यांची ती तार टांगलेली दिसते. ती हातीं घेतल्यावांचून पलीकडचें कोणतेंही हत्यार काढतां येऊं नये, अशाच जागीं मीं ती लाविली आहे.